नावाची जागा

सरकता जिना जिथं संपतो तिथं पाऊल उचलायचं असतं, हे यशोधनच्या पायांना सिंगापुरातल्या इतक्या वर्षांत कधी सांगावं लागलं नव्हतं. हौगांगला गाडी धरायची, धोबीघाटला बदलायची, रॅफल्स प्लेसला उतरून जिन्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं. पुढचं पाय बघून घेत. त्या सकाळी मात्र जिना संपला तरी तो उभाच राहिला. बुटाच्या टोकाला लोखंडी दात लागले, अंगाला हिसका बसला, मागच्या बाईची पर्स पाठीत रुतली, चारपाच जणांनी एकमेकांना ‘सॉरी’ म्हणून घेतलं आणि गर्दी त्याला वळसा घालून बँकांकडे निघून गेली. तो खांबाशी उभा राहिला. हातातल्या फोनवर रेमको रडत होता. लेकीनं, अदितीनं, शाळेत पोचता पोचता मुलाखतीचा तो तुकडा पाठवला होता. खाली तिच्या सिंगापुरी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘पा, बघ ना. सो सॅड, लाह.’ रेमकोची दाढी आता पिकायला लागलेली. तो म्हणत होता, “आई गेली त्याच आठवड्यात तिच्या घराच्या माळ्यावर बसून मी हे केलं. मी काही केलंच नाही खरं तर. हात आपोआप चालत होते.” मग त्यानं तळहातानं डोळे पुसले, आणि मागून ती धून सुरू झाली. त्या धुनेचा ठोका न ठोका यशोधनला ठाऊक होता. ती त्यानं केली होती, बाप गेल्यावर, हौगांगच्या फ्लॅटमध्ये. आणि हात आपोआप बिलकूल चालले नव्हते. महिनाभर अडत होते.

राग यायला हवा होता. तो येतो का, हे यशोधननं लिफ्टमध्ये थोडा वेळ वाट बघून तपासलं, उकळलं का म्हणून दुधाकडे बघावं तसं. आला नाही. बँकेत त्याचं काम जोखीम मोजायचं होतं. कुठलं कर्ज बुडेल, किती बुडेल, बुडालं तर आपण कुठं उभे असू. दिवसभर तो ते करत राहिला आणि आत कुठंतरी ते एकच वाक्य जिन्याच्या दातासारखं अडकून राहिलं. हात आपोआप चालत होते. बापाच्या मरणावर दुसऱ्या कुणी डोळे पुसावेत, आणि ते डोळे खरोखर ओले असावेत, याला काय म्हणतात ते त्याला ठरवता येईना. त्याचे स्वतःचे डोळे कोरडे होते. तेव्हाही, आताही.

जग रेमकोला डीजे नॉर्डर या नावानं ओळखतं. नेदरलँड्सच्या उत्तरेला, समुद्राला बांध घालून मिळवलेल्या जमिनीवरचं एक गाव. बाप दुधाचा टँकर चालवायचा, आई ग्रीट चर्चची फरशी पुसायची. पोरानं माळ्यावर जुना कॉम्प्युटर मांडला आणि शाळा सुटल्यापासून जेवायच्या हाकेपर्यंत धडधड सुरू केली. खालून ग्रीट छताला झाडूचा दांडा ठोकायची: बंद कर. हा बंद करायचा नाही. उलट तो दांडा त्यानं ध्वनिमुद्रित केला, त्याचाच ठेका केला, आणि एकोणिसाव्या वर्षी त्या ठेक्यानं त्याला इबिझाच्या बेटावर नेऊन उभं केलं. मग टोकियो, मियामी, साओ पावलो. मैदानं, वाळवंटं, बोटी. हात वर केला की लाखभर माणूस उडी मारायचा. असं दहाएक वर्षं चाललं, आणि एक दिवस झरा आटला. विमानात बसायचं, उतरायचं, हात वर करायचा, हे सगळं होतं. पण रिकाम्या पडद्यासमोर बसलं की काही येत नव्हतं. त्याच सुमारास सिंगापुरातला एक मराठी बँकवाला टोपणनावानं आपले तुकडे इंटरनेटवर टाकत होता. रेमकोच्या व्यवस्थापकानं त्याला गाठलं. धून तुझी, नाव आमचं, आणि कुणाकडे चकार शब्द नाही. या धंद्यात अशी पुष्कळ माणसं असतात, त्यात जगावेगळं काही नव्हतं. यशोधननं होकार दिला तेव्हा राधिका, त्याची बायको, एवढंच म्हणाली, “म्हणजे जन्मभर टाळकरीच राहणार तू.” ते खोटं नव्हतं. लहानपणी फलटणच्या राममंदिरात बाबांच्या मागं उभं राहून त्यानं टाळ धरला होता, झील ओढली होती. लोक पुढं बघत, आणि मागं उभ्या असलेल्याला सगळं दिसत असे. त्याला ते बरं वाटायचं.

बाबा, म्हणजे बाबाजीबुवा. दिवसा हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि चातुर्मासात कीर्तन करायचे. अंगरखा, पागोटं, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. आवाज काही फार गोड नव्हता. पण मूळपद एकदा उचललं की माणसं देवळाच्या पायऱ्यांपर्यंत बसून राहत, चपला सांभाळणारासुद्धा आत येऊन टेकायचा. पूर्वरंग आटोपला की मध्यंतरी त्यांना बुक्का लावायचे, हार घालायचे, आणि मग सगळं देऊळ त्यांच्या पाया पडायचं. एकदा बाबांची सख्खी आत्या, ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, काठी टेकत आली आणि भाच्याच्या पायांवर डोकं ठेवू लागली. बाबा मागं सरले नाहीत. यशोधनला इतकी लाज वाटली की टाळ चुकला. घरी येताना त्यानं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “अरे, ती माझ्या पाया कुठं पडली? मी नारदाच्या गादीवर उभा होतो. नमस्कार गादीला. मी पाय मागं घेतले असते तर तो माझा झाला असता.” आख्यानात ते रडायचे, दर वेळी त्याच जागी, आणि दर वेळी खरे. उपरण्यानं डोळे पुसायचे, पुढं जायचे, आणि आरती झाली की बाहेर येऊन म्हणायचे, “चहा टाकलाय का कुणी?” सगळ्या ओळी दुसऱ्यांच्या, कुणा कुणा संतांच्या. रडणं तेवढं यांचं. पण अभंग संपत आला की ते जरा थांबायचे, हात जोडायचे आणि ज्याचा अभंग त्याचं नाव असलेला चरण मोठ्यानं, सावकाश म्हणायचे. यशोधन शाळकरी वयात ओळी जुळवायचा. त्या वाचून दाखवल्या की बाबा विचारायचे, “छान. नाव कुठाय?” तो गप्प. “अरे, शेवटी नाव घालावं. म्हणजे चूक कुणाची ते तरी कळतं.” आई स्वैपाकघरातून हसायची. तो मान खाली घालून तसाच उभा. नावाची वेळ आली की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

बाबा गेले तेव्हा तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. चुलत्यांनी वाट बघितली नाही. उन्हाळा होता, त्यांचंही बरोबर. अंगण सारवलेलं, माणसं हळू आवाजात चहा पीत बसलेली, आणि आई, रत्नाबाई, त्याच्याकडे अशी बघत होती जणू तोच आजारी आहे. “रड रे,” कुणीतरी काकू म्हणाल्या. रडू आलं नाही. तेरावं झाल्यावर आईला घेऊन तो परतला. चांगी विमानतळावर सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं पिशवीतून चिपळ्या उचलून विचारलं, “धिस वन वॉट, सर?” यशोधन म्हणाला, “वाद्य आहे.” अधिकाऱ्यानं एकदा वाजवून बघितल्या. एका चिपळीतल्या चकतीचा खिळा सैल होता. बाकीच्या वाजून गेल्यावर ती एकटी मागाहून किणकिणायची. पोर रस्त्यात रेंगाळावं आणि मग धावत यावं तशी. आईनं आयुष्यभर तो खिळा ठोकून घ्या म्हणून घोकलं, बाबांनी ठोकला नाही. त्या अधिकाऱ्यानंही कान देऊन ती मागची किणकिण ऐकली आणि हसून चिपळ्या परत केल्या.

हौगांगच्या फ्लॅटमध्ये स्वैपाकघराला लागून जाड भिंतींची, पोलादी दाराची एक लहानशी खोली आहे. युद्ध झालं तर घरच्यांनी आत बसावं म्हणून सरकार ती देतं, शेल्टर म्हणतात. युद्ध काही झालं नाही, तेव्हा तांदळाची पिशवी, गणपतीचं मखर, राधिकाची शिवणयंत्राची पेटी आणि यशोधनचा मायक्रोफोन आत बसले. ते दार ओढून घेतलं की कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. तिथं त्यानं चिपळ्या ध्वनिमुद्रित केल्या आणि मागाहून येणाऱ्या त्या एका चकतीभोवती सगळी धून बांधली. संथ सुरुवात, मग निरूपण लांबवत न्यावं तशी एकेक थर चढत जाणारी लय, मग नामघोषासारखी धावती, आणि शेवटी पुन्हा मूळपदावर. मूळपदावर येण्याच्या आधी मात्र त्यानं दोन आवर्तनांची जागा मोकळी सोडली. ठोका नाही, सूर नाही. आपण असं का केलं हे त्यालाही तेव्हा कळलं नाही, हाताची सवय. तिथं नाव येतं. रेमकोला त्यानं धून धाडली ती नुसती ‘शेल्टर’ म्हणून. आठ महिन्यांनी ती जगात आली तेव्हा तिचं नाव ‘ग्रीट’ होतं. मधल्या काळात रेमकोची आई गेली होती. आणि मैदानांमध्ये, त्या मोकळ्या जागेत, रेमको माइक तोंडाशी नेऊन आईचं नाव घ्यायचा. लाखभर माणूस ते परत म्हणायचा.

आता रेमको निवृत्त होत होता. निरोपाच्या दौऱ्यातला सिंगापूरचा कार्यक्रम रविवारी दुपारी, सेंटोसा बेटाच्या वाळूवर. शुक्रवारी त्याचा निरोप आला: जेवायला भेटू, कुणी ओळखणार नाही अशा जागी. यशोधननं बेडोकचं हॉकर सेंटर, खाण्याच्या टपऱ्यांचं उघडं आवार, सांगितलं. एवढी वर्षं दोघं फोनवर बोलले होते. भेट ही तिसरी. जाताना गाडीत त्यानं वाक्य तयार केलं, बँकेत करतो तसं, कमीत कमी शब्दांत: आईची ती गोष्ट सांगणं बंद कर, आणि त्या जागेत नाव घेऊ नकोस. ती जागा माझ्या बापाची आहे.

रेमको टोपी घालून पंख्याखाली घामाघूम बसला होता, पुढ्यात फिशबॉल नूडल्स. उठून त्यानं मिठी मारली. उंचीमुळे यशोधनचं नाक त्याच्या खिशाशी आलं.

“वाळलास, यश. बँक खाऊ घालत नाही का?”

“तुझी मुलाखत पाहिली,” यशोधन म्हणाला.

रेमकोनं चमचा खाली ठेवला. “रडलो ती?”

“तीच. माळ्यावर बसून तू हे केलंस. हात आपोआप चालत होते.”

“हं.” त्यानं नूडल्सची वाटी बाजूला सरकवली. “मी खोटं बोललो, ते मला माहीत आहे. पण तुला एक सांगतो, मग तू हवं ते बोल. तुझी धून आली तेव्हा आई दवाखान्यात होती. मी ऐकली, बरी वाटली, ठेवून दिली. ती गेली. चर्चमध्ये मी उभा होतो, सगळे रडत होते, मी कोरडा. बहीण म्हणाली, ‘तू दगड आहेस.’ महिन्याभरानं गावाजवळच्या माळावर कार्यक्रम होता. ही धून पहिल्यांदा लोकांसमोर लावली. आणि ते बारीक काहीतरी, धातूचं, ठोका पडून गेल्यावर मागाहून येतं ना...”

“चकती.”

“काय असेल ते. यश, माझी आई झाडूचा दांडा ठोकायची ना, तो कधीच तालात नसायचा. नेहमी माझ्या ठोक्याच्या मागून. मी थांबावं म्हणून ठोकायची आणि तिलाच उशीर व्हायचा.” तो हसला आणि डोळे भरून आले, मुलाखतीत आले होते तसेच, त्याच तळहातानं पुसले. “तिथं मी पहिल्यांदा रडलो. चाळीस हजार लोकांसमोर, लहान पोरासारखा. मला वाटलं, या यशला कसं कळलं?”

यशोधननं तयार केलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं. समोरचा माणूस खोटारडा होता आणि रडणं खरं होतं. असा माणूस त्यानं लहानपणी दर चातुर्मासात पाहिला होता.

“तुझे वडील,” रेमको म्हणाला, “तू सांगितलं होतंस एकदा. ते तरी कुठं स्वतःची गाणी म्हणायचे?”

“नाही म्हणायचे. पण शेवटी नाव घ्यायचे. ज्याचं गाणं त्याचं.”

रेमको पुढं झुकून म्हणाला, “घेतो. रविवारी. त्या जागी तुझं नाव घेतो, सगळ्यांसमोर. माझं संपलंच आहे आता. मला काय होणार?”

पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे कॉफीवर भांडत होते. यशोधनला आपलं नाव चाळीस हजार तोंडांतून येताना ऐकू आलं, डच वळणाचं, मधला ‘ध’ चिरडलेलं. आणि अंगावर काटा आला, सुखाचा नव्हे. देवळात टाळ चुकला होता तसं काहीतरी. मग त्याला बाबांचे न हललेले पाय दिसले.

“नको,” तो म्हणाला. “माझं नको. कुणाचंच नको. मोकळी ठेव.”

“मोकळी? लोक घाबरतील, यश. त्यांना वाटेल मशीन बंद पडलं.”

“वाटू दे.”

“आणि मग ती जागा कुणाची?”

याचं उत्तर, ‘गादीची’, त्याच्याजवळ होतं, पण इंग्रजीत नव्हतं. तेवढ्यात टेबलं पुसणाऱ्या बाईनं रेमकोच्या खांद्यावर दोन बोटं वाजवली. “अंकल, ट्रे रिटर्न हां! डोंट जस्ट गो!” ज्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर मैदानं उसळतात तो नॉर्डर मुकाट्यानं उठला आणि उष्टा ट्रे घेऊन रांगेत उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, “ठेवतो मोकळी. पण मला जमेल का, ठाऊक नाही. सवय झालीय तिला हाक मारायची.”

रविवारी दुपारी अदितीनं दिवाणखान्यातल्या टीव्हीवर थेट प्रक्षेपण लावलं. वय कमी म्हणून तिला सेंटोसाला आत घेतलं नव्हतं, त्याचा राग आवाज वाढवून निघत होता. राधिका मैत्रिणीकडे गेली होती. रत्नाबाई खुर्चीत वाती वळत बसल्या होत्या, सिंगापुरात आल्यापासून त्यांनी नातीच्या संगीतावर तक्रार अशी केली नव्हती, एवढंच म्हणायच्या, “फार लवकर द्रुत लय धरतात गं तुमचे बुवा.” यशोधन स्वैपाकघराच्या दाराशी उभा होता, ना आत ना बाहेर.

शेवटी ती धून आली. संथ, मग चढती. समुद्र, मालवाहू जहाजं, हजारो उन्हात भाजलेले चेहरे. लय धावायला लागली आणि मागाहून येणारी ती चकती प्रत्येक ठोक्यामागं पळत राहिली. मग सगळं थांबलं.

रेमकोनं माइक उचलला. यशोधननं चौकट धरली. रेमकोचे ओठ हलले, मिटले. त्यानं माइक खाली ठेवला आणि दोन्ही हात यंत्रावरून काढून पोटाशी जोडून घेतले. पहिल्या रांगेतल्या काहींनी “ग्रीट!” म्हणून सुरुवात केली, आणि तो नुसता उभा आहे असं पाहून ती अर्ध्यावर सोडली. वाळूवर शांतता पसरत गेली. लांब कुठंतरी जहाजाचा भोंगा वाजला.

खुर्ची करकरली. रत्नाबाई उठत होत्या. मांडीवरच्या वाती खाली पडल्या, एक हात गुडघ्यावर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर, आणि पदर सावरून त्या टीव्हीसमोर सरळ उभ्या राहिल्या, हात जोडून.

“आज्जी, वाय यू स्टँड अप?” अदिती हसायला लागली. “नॉट फिनिश येट, लाह!”

“झालं की. थांबले ना ते? आता आरती.”

टीव्हीवर मूळपद परत सुरू झालं, टाळ्यांचा पाऊस पडला. अदितीनं आवाज कमी केला. रत्नाबाई उभ्याच होत्या. मान न वळवता त्यांनी विचारलं, “कुणाचं होतं रे हे?”

यशोधन दाराशीच होता. “बाबांचं,” तो म्हणाला. त्याला वाटलं, हे खरं आहे.

“ह्यांचं?” त्या हसल्या. “ह्यांचं असतं तर एवढ्यात आटोपलं असतं होय? शिरा गार व्हायचा, गुरव पेंगायचा, तरी ह्यांचं आख्यान काही लंकेबाहेर पडायचं नाही. चिपळी ह्यांची आहे, ती कळली मला. मेली जन्मभर मागून बोंबलत आली.” मग त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. फलटणला पाहिलं होतं तसंच, तोच आजारी असल्यासारखं. “कीर्तन तुझं आहे. सगळं कसं बेतशीर. आणि नावाची वेळ आली की गप्प.”

अदिती एकीकडून दुसरीकडे बघत होती. “पा? आज्जी काय सेइंग? हूज साँग?”

“सांगतो,” यशोधन म्हणाला. “आधी तबक आण देव्हाऱ्यातलं.”

“तूही हल,” रत्नाबाई म्हणाल्या. “मी एकदा उभी राहिलेय, आता आरती झाल्याशिवाय बसायची नाही. गुडघे दुखतात माझे. चिपळ्या आण.”

तो शेल्टरमध्ये गेला. मखराच्या मागं, कापडात गुंडाळून, त्या होत्या. कापड सोडताना चिपळ्या एकमेकींवर आपटल्या. सगळ्या चकत्या एकदम वाजून गेल्या आणि मग ती एक, सैल खिळ्याची, मागाहून वाजली. तिच्याही मागाहून, पुष्कळ उशिरा, त्याच्या घशातून हुंदका आला. बाहेर आई आरतीचा सूर लावून बघत होती, अदिती काडेपेटी शोधत होती. शेल्टरचं दार त्यानं आज ओढून घेतलं नाही.